फोटोतला स्वेटर

यंदा थंडी दिवाळीच्या तोंडावरच आली. सकाळी भाजीच्या वाडीत जावं तर वांग्याच्या पानांवर इतकं दव साचलेलं असतं, की दोन ओळींमधून चालताना सलवार गुडघ्यापर्यंत ओली होते. शेताच्या धुऱ्यावरच्या तुरी पिवळ्या फुलांनी वाकल्या आहेत. देवळीकडे कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि गाडी गेली की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. ते दिवसभर तसेच हलत असतात. कोणी काढत नाही.

अशा सकाळी फोन मला विचारतो, वर्षापूर्वीची आठवण बघायची का? मी बघते. गेल्या वर्षी याच दिवशी मी आमच्या वाडीतल्या सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, फोटो टाकला होता. त्याच्या आदल्या वर्षी शाळेच्या पटांगणातली मुलं. आणखी काही दिवसांनी मात्र फोन गप्प बसेल हे मला ठाऊक आहे. गेल्या मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत त्याच्याकडे माझं काहीच नाही. एक शब्द नाही, एक फोटो नाही. त्या तीन महिन्यांत जे झालं ते सगळं माझ्याजवळच आहे.

मी देवळीला शाळेत मराठी शिकवते. आमचं गाव देवळीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. नवरा वर्ध्याला नोकरीला जातो आणि वाडी मामाजी सांभाळतात. मामाजी म्हणजे माझे सासरे. सत्तरी ओलांडली तरी सकाळी साडेपाचला वाडीत हजर. वांगी, सांभार, पालक, मेथी, बांधावर वालाच्या शेंगा. आठवडी बाजारात त्यांची जागा ठरलेली असते आणि गिऱ्हाइकंही ठरलेली.

लिहायची सवय मला आधीपासून होती, पण ते वाचायला माणसं मिळाली ती सोशल मीडियामुळे. सुरुवातीला मैत्रिणी, मग शाळेतल्या मुलांचे पालक, मग पुण्या-मुंबईतली, गाव सोडून गेलेली कितीतरी अनोळखी माणसं. मी तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याबद्दल लिहिलं की तिकडे कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी यायचं आणि ते मला तसं कळवायचे. त्याची चटक लागते. हळूहळू मी जे बघायचे ते बघतानाच वाक्यात बसवू लागले. भाकर थापता थापता भाकरीवरचं पहिलं वाक्य तयार व्हायचं.

सासूबाई जाऊन तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते. आदल्या हिवाळ्यात त्या सावंगीला दवाखान्यात वीस दिवस होत्या, मग घरी आल्या आणि चैत्रात घरीच गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या थंडीत मामाजींनी एका सकाळी त्यांचा स्वेटर अंगात घातला. मरून रंगाचा, हातानं विणलेला, समोर पांढऱ्या फुलांच्या गुंड्या. बायकी स्वेटर तो. मामाजींच्या खांद्यावर ताणलेला आणि मनगटापाशी चार बोटं आखूड. ते तो घालून वाडीत गेले, उकिडवे बसले आणि सांभाराच्या जुड्या बांधू लागले. धुकं होतं. मी मागून फोटो काढला. त्यांना कळलंही नाही.

त्या फोटोवर मी जे लिहिलं ते चांगलंच लिहिलं होतं. आजही मला तसं वाटतं, आणि तीच अडचण आहे. नवऱ्यानं बायकोचा स्वेटर घालणं, त्या आखूड बाह्या, बांधावर कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत राहणं. मी सगळं लिहिलं. त्यांच्या तोंडचे शब्दही लिहिले. "पालक उगवला बरं," असं ते कुणाला सांगत होते तेही लिहिलं. दुपारपर्यंत ती पोस्ट हजारांच्या घरात गेली. मी स्टाफरूममध्ये तासातासाला फोन उघडून बघत होते. कुणी म्हणत होतं आजोबांना नमस्कार सांगा, कुणी म्हणत होतं रडवलंत ताई.

बाजाराच्या दिवशी काय झालं ते मामाजींनी घरी सांगितलंच नाही. ते मला गोदाबाईनं सांगितलं. गोदाबाई त्यांच्या शेजारी मिरच्या घेऊन बसते. एक ओळखीचा दुकानदार आला, फोन पुढे धरून म्हणाला, हे तुम्हीच ना, आणि त्यानं उभ्या उभ्या सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. माणसं जमली. कोणी वाईट हसलं नाही, गोदाबाईनं हे दोनदा सांगितलं. एका बाईनं तर डोळे पुसले. मग दोन पोरी फोटो काढायला त्यांच्या शेजारी बसल्या आणि मामाजींनी काढू दिला. तराजू हातात धरून ते समोर बघत राहिले. त्यांनी त्या दिवशी अर्धी भाजी तशीच परत आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती आणि ते नुसत्या सदऱ्यावर वाडीत निघाले. मी म्हटलं, मामाजी, स्वेटर काऊन नाई घातला? त्यांनी पायात चपला सरकवल्या, कवाड उघडलं आणि मागे न बघता म्हणाले,

"ते आता सगळ्यायचं झालं, वैशाली."

रागाचा लवलेश नव्हता. रागावले असते तर मी काही बोलले असते. मी ओट्यावर उभी राहून त्यांना जाताना बघितलं. वाटेत त्यांनी दोन्ही हात काखेत घातले.

त्याच सकाळी मी ती पोस्ट काढून टाकली. मग ॲपही फोनमधून काढलं. खातं बंद केलं नाही, कारण ते कसं करतात ते शोधायलाही मला त्यात पुन्हा जावं लागलं असतं. कुणाला सांगून निघाले नाही. सांगणं म्हणजे आणखी एक पोस्टच झाली असती.

पहिले आठ दिवस हात आपोआप फोनकडे जायचा. फळ्यावर लिहून झालं की, बस थांबली की, दूध वर येईपर्यंत. अंगठा त्या जागी जाऊन टेकायचा आणि तिथं आता हवामानाचं चित्र असायचं. मी दिवसातून दहा वेळा वर्ध्याचं तापमान बघत होते. त्याहून जास्त त्रास वाक्यांचा झाला. ती यायची थांबेनात. एका पहाटे बांधावर नीलकंठ बसलेला दिसला आणि त्याच्यावर दोन ओळी डोक्यात तयार झाल्या, अगदी घोटीव. त्यांना पाठवायला जागाच नव्हती. त्या दिवसभर चपलेतल्या खड्यासारख्या टोचत राहिल्या. संध्याकाळी आठवायला गेले तर गेल्या होत्या, आणि नीलकंठ मात्र लख्ख आठवत होता, त्यानं पंख उघडले तेव्हाचा निळा रंग तर अजून आठवतो.

शाळेला जाण्याआधी मी वाडीत जाऊ लागले. माफी मागायला शब्द सापडत नव्हते म्हणून जुड्या बांधायला बसले. मामाजींनी नको म्हटलं नाही. सांभार मुळासकट उपटायचा, माती झटकायची, मुठीत मावेल तेवढा घेऊन पालवीच्या बाजूनं सारखा करायचा आणि ओल्या सुतळीचा एक फेरा. माझ्या जुड्या सैल व्हायच्या. ते न बोलता त्या सोडून पुन्हा बांधायचे. पंधरा दिवसांनी त्यांनी माझी एक जुडी उचलली, पारखली आणि तशीच टोपल्यात ठेवली. त्या दिवशी मी शाळेत विनाकारण खुश होते.

नवऱ्यानं त्यांना बाजारातून करड्या रंगाचा नवा स्वेटर आणून दिला. तो ते घालत. मरून स्वेटर कपाटात होता, घडी घालून, त्याच्यावर सासूबाईंची दोन लुगडी ठेवलेली.

पौषातली एक सकाळ आठवते. धुकं इतकं होतं की विहीर दिसत नव्हती, फक्त मोटारीचा आवाज येत होता. पाणी वांग्याच्या सरीतून हळूहळू पुढे येत होतं आणि मामाजी पाण्याला वाट करायला फावड्यानं एक एक बारं फोडत होते. मी काही विचारलं नव्हतं. ते स्वतःच बोलले, पाण्याकडे बघत.

"वीस दिवसांत मी चारच खेपा गेलो दवाखान्यात."

मी थांबले. त्यांनी थोडं थोडं करून सांगितलं. तेव्हा नुकती वांगी लावली होती. विजेची लाइन दिवसाची होती, तीही ठरल्या वेळेचीच. पाणी सोडलं नसतं तर रोपं गेली असती. मुलगा रोज कामावरून सुटल्यावर दवाखान्यात जायचा आणि येताना निरोप आणायचा, आई म्हणते येऊ नका, वाडी पाहा. तरी ते चार वेळा गेले. चारही वेळा सासूबाई त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. घरी आल्यावरही त्या दिवसांबद्दल त्यांनी काही काढलं नाही आणि यांनी काही विचारलं नाही.

"मले वाटलं, रागानंच म्हणते येऊ नका. तिच्यापेक्षा वांगी जास्त झाली मले, असं वाटलं असन तिले."

मग तो स्वेटर का घालायचे ते मला कळलं. सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या त्या तो स्वेटर घालूनच. तो कुठून आला हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मामाजींना वाटायचं मुलानं घेतला, मुलाला वाटायचं आत्यानं आणला. त्या वीस दिवसांतली तेवढीच एक वस्तू घरात आली होती. मी तिच्यावर किती शब्द लिहिले होते, आणि ती त्यांना एवढी का हवी होती तेवढंच मला ठाऊक नव्हतं.

 सरी भरली होती. त्यांनी पुढचं बारं फोडलं आणि मी मागचं बुजवलं.

परत आले ते एका साध्या कारणानं. फाल्गुन लागला होता, सकाळची थंडी पातळ झाली होती, पळसाला कळ्या होत्या. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई बसमध्ये भेटली. पोराला नोकरी लागली, त्यानं ते टाकलं होतं, त्यात माझं नावही लिहिलं होतं. मॅडम, तुम्ही काहीच नाही म्हटलं, पोरगा वाट पाहत होता, असं ती जरा लाजत बोलली. मला वाईट वाटलं. आपण बाजूला झालो म्हणून लोकांचं आपल्याशी बोलणं थांबत नाही, ते बोलत राहतात आणि आपण उत्तर देत नाही एवढंच, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रविवारी दुपारी अंगणात बसून मी ॲप पुन्हा घेतलं. पासवर्ड विसरले होते. तो मिळवण्यात अर्धा तास गेला. मग उघडलं. आत सगळं जिथल्या तिथं होतं. तीच माणसं त्याच गोष्टींवर भांडत होती. कुणाचं बारसं होऊन गेलं होतं, कुणाची बदली. तीन महिन्यांत माझी चौकशी तिघींनी केली होती. हजारो लोक आपली वाट बघत असतील असं मी म्हटलं नसतं कधी, पण मनात कुठंतरी तसं धरून बसले होते. तिघी. थोडं लागलं, आणि मग फार हलकं वाटलं. त्या मुलाचं अभिनंदन केलं. बंद करणार तेवढ्यात एक गोष्ट दिसली. अनोळखी लोकांचे निरोप तिथं वेगळ्या कप्प्यात पडतात आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्या कप्प्यात एकाच बाईचे तीन निरोप होते.

पहिला, मी पोस्ट काढली त्याच दिवसाचा. 'मॅडम नमस्कार. फोटोतला सोटर मी विनला होता. सावंगीच्या दवाखान्यात आमी शेजारी होतो. तुमी लिहलं त्यावरून कळलं की त्या बाई गेल्या. खरं आहे का.'

दुसरा पंधरा दिवसांनंतरचा. 'मॅडम तुमी वाचलं नाई वाटते.'

तिसरा संक्रांतीनंतरचा. 'मले त्यांच्या मालकांसंग दोन शब्द बोलाचे होते. माझी तब्येत बरी नाई राहत. मी जामले राहते.' खाली फोन नंबर.

 अंगणात पापड वाळत होते. मामाजी आत झोपले होते. जी गोष्ट मी त्यांच्यापासून एकदा न विचारता घेतली होती, तिनंच हे आणलं होतं. सांगायचं कसं? आणि सांगून काय निघेल? त्या बाईनं रागाचीच गोष्ट सांगितली तर? ज्या माणसानं पौषापर्यंत तोंड उघडलं नव्हतं त्याच्यापुढे मी पुन्हा तोच फोन धरायचा होता. पण तिसरा निरोप दीड महिन्यापूर्वीचा होता, आणि तिची तब्येत बरी नव्हती. मी आधी तिला फोन केला. आवाज थकलेला होता, पण बाई हयात होती. मग मामाजी उठून चहा प्यायले तेव्हा त्यांना तिन्ही निरोप वाचून दाखवले. हळू, फक्त त्यांना ऐकू येतील असे.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. विचारलं, जामले बस कोठून भेटते?

पुढच्या रविवारी हिंगणघाटला बस बदलून आम्ही दोघं जामला गेलो. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि पिशवीत वांगी, मेथी, सांभार. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग, ढाब्यांचा धूर, आणि त्यामागच्या गल्लीत शोभाबाईचं दोन खोल्यांचं घर. दारापाशी शिवणयंत्र. बाई पन्नाशीची, हडकुळी, पाय सुजलेले. तिची सासू तेव्हा सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर होती. दिवसभर बसून काय करायचं, म्हणून ती लोकर घेऊन बसायची. सासूबाईंना थंडी फार वाजायची. बारा दिवसांत स्वेटर झाला. निघताना एकमेकींना नंबर दिले होते. कागदावर लिहिलेला, तो हरवला. मी भेटाले येतो म्हटलं होतं अन् आली नाई, हे ती तीन-चार वेळा बोलली. मामाजी म्हणाले, आता भेटली नं बाई.

  यंत्राच्या चाकावर एक माशी बसली होती. त्यांनी तो प्रश्न विचारायला किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, की मी आलो का ती भिताडाकडे तोंड करे.

"तोंड सुजलं होतं नं त्यायचं," शोभाबाई म्हणाली. "केस गेलते. यायनं मले असं पाहू नये म्हणे. पोराजवळ निरोप देत, येऊ नका म्हणाव. अन् दिवसभर दाराकडेच पाहत."

मामाजींचा हात गुडघ्यावर होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला.

"अन् मी आलो त्या दिवशी?"

"त्या दिवशी जेवत. बाकीच्या दिवशी डबा मीच झाकून ठेवत होती."

ते उठून दारात जाऊन उभे राहिले. आम्हा दोघींकडे पाठ करून, मोठ्या रस्त्याकडे बघत. शोभाबाईनं मला खुणेनं बसायला सांगितलं आणि ती चहा ठेवायला आत गेली. माझ्या पर्समध्ये फोन होता. मी पर्सची चेन नीट लावली आणि ती पायापाशी ठेवली.

येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. हिंगणघाट जवळ आलं. मग म्हणाले, चार खेपा म्हणजे चार दिवस तरी जेवली ती. त्यांनी ते हिशेबासारखं म्हटलं नाही. मला तर ते मला उद्देशूनही वाटलं नाही.

स्वेटर त्यांनी त्यानंतरही घातला नाही. शोभाबाईकडून आल्यावर मी वेड्यासारखी वाट बघितली, की आता एखाद्या सकाळी घालतील. नाही घातला. मोडलं ते मोडलंच राहिलं. शोभाबाईला मात्र ते महिन्यातून एकदा फोन लावायला सांगतात, पायाची सूज विचारतात, आणि जामकडे जाणारं कुणी भेटलं की भाजी पाठवतात.

मी सोशल मीडियावर आहे. पूर्वीइतकी नाही, पण आहे. सांभाराचा फोटो टाकते, मुलांच्या कविता टाकते, लोकांच्या बारशांना शुभेच्छा देते. घरातल्या माणसांवर लिहीत नाही. हे सगळं लिहावं असं गेले काही दिवस फार वाटत होतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. काल सकाळी विचारलं. मामाजी पालकाच्या वाफ्यात बसले होते, करडा स्वेटर, डोक्याला दुपट्टा. मी म्हटलं, मामाजी, जामचं सारं लिहू का? तुम्ही नाही म्हटलं तर नाही लिहिणार.

त्यांनी विळा थांबवला नाही. किती लोक वाचतात म्हणून विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही, पुष्कळ वाचतात, ओळखीचे थोडे. ते पुढे सरकले, आणखी दोन मुठी कापल्या, टोपल्यात टाकल्या.

"त्याच्यातून एक तरी शोभाबाईसारखी निंगाली नं," ते म्हणाले. "मंग लिहिजो. फोटू नको काढू."

मी जुड्या बांधायला बसले. धुकं वर चढत होतं आणि विहिरीपलीकडे ऊन पडायला लागलं होतं.